कुंपणापलीकडे सोळा गोळ्या : नोगालेस प्रकरणाचा अभ्यास

१० ऑक्टोबर २०१२ च्या रात्री साडेअकराच्या सुमारास मेक्सिकोतल्या नोगालेस शहरात होझे अँतोनियो एलेना रॉड्रिग्ज हा सोळा वर्षांचा मुलगा रस्त्यात मरून पडला. त्याचं घर तिथून जेमतेम चार चौक लांब होतं. त्याच्यावर गोळ्या झाडणारा माणूस मेक्सिकोत नव्हताच. तो उभा होता अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, सीमेवरच्या लोखंडी कुंपणाच्या आड, सीमेवर गस्त घालणाऱ्या अमेरिकी बॉर्डर पेट्रोल या केंद्रीय दलाच्या गणवेशात. त्याने कुंपणाच्या गजांमधून सोळा गोळ्या झाडल्या. त्यातल्या दहाच्या आसपास मुलाला लागल्या, आणि बहुतेक पाठीमागून.

गेल्या वर्षभरात शिकागो आणि मिनियापोलिसच्या रस्त्यांवर इमिग्रेशन एजंटांनी केलेल्या गोळीबाराच्या बातम्या आपण वाचतो आहोत. त्यावर बोलताना मी मुद्दाम हे जुनं प्रकरण घेतो आहे. ताज्या प्रकरणांत चौकशी, आरोप-प्रत्यारोप, व्हिडिओवरून चाललेले वाद सगळं अजून हवेत आहे. नोगालेसचं प्रकरण मात्र गोळीपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंतचा पूर्ण रस्ता चालून आलेलं आहे. सरकारी बंदुकीतून सुटलेल्या गोळीचा जाब विचारायला गेलं की एकेक दार कसं बंद होत जातं, ते इथे क्रमाने बघता येतं.

जागा

हे प्रकरण समजून घ्यायचं तर आधी ती जागा नीट डोळ्यांसमोर आणली पाहिजे. नोगालेस नावाची शहरं दोन. अमेरिकेतलं छोटं, वीसेक हजार वस्तीचं. मेक्सिकोतलं त्याच्या दहापट मोठं. लोक दोघांना मिळून ‘आम्बोस नोगालेस’, म्हणजे दोन्ही नोगालेस, म्हणतात. एकाच घरातली माणसं दोन्हीकडे राहतात, खरेदीला, शाळेला, लग्नकार्याला ये-जा करतात. मधलं कुंपण काळागणिक बदलत गेलं. नव्वदच्या दशकात व्हिएतनाम युद्धातल्या हेलिकॉप्टर उतरवण्याच्या पत्र्यांची भिंत उभी राहिली. २०११ मध्ये ती काढून जाड लोखंडी खांबांचं उंच कुंपण आलं.

काये इंतरनासिओनाल हा मेक्सिकोच्या बाजूचा रस्ता या कुंपणाला खेटून जातो. दुकानं, घरं, दवाखाने असलेला हा वर्दळीचा रस्ता आहे. जिथे होझे अँतोनियो पडला, तिथे रस्त्याच्या कडेला सुमारे २५ फुटांचा खडकाळ कडा सरळ वर चढतो. त्याच्या माथ्यावर अमेरिकेची हद्द, आणि त्या माथ्यावर आणखी २० ते २५ फूट उंचीचं कुंपण. खांब साडेसहा इंच जाडीचे, दोन खांबांमधली फट साडेतीन इंचांची. म्हणजे खालच्या रस्त्यावरून मारलेला दगड वरच्या माणसाला लागायचा तर तो चार मजली इमारतीइतका उंच उडून पलीकडे पडायला हवा, किंवा अंधारात त्या साडेतीन इंचांतून नेमका आत जायला हवा. वरच्या माणसाला मात्र फटीतून पिस्तूल रोखायला काहीच अडचण नाही. खाली दवाखान्याच्या भिंतीवर गोळ्यांची छिद्रं पडली. तिथे पुढे क्रूस आणि मुलाचं मोठं चित्र लागलं.

त्या रात्री

गांजाची गाठोडी घेऊन सीमा ओलांडलेले दोघे जण अमेरिकी बाजूला दिसल्याची खबर मिळाली. स्थानिक पोलीस आणि बॉर्डर पेट्रोलचे एजंट पोचले. ते दोघे कुंपण चढून परत मेक्सिकोत उतरू लागले, आणि खालून दगड येऊ लागले. तिथे जमलेल्या पोलीस आणि एजंटांपैकी गोळी एकानेच झाडली. त्याचं नाव लॉनी स्वार्ट्झ. त्याने तीन वेगवेगळ्या जागांवरून गोळ्या झाडल्या आणि मधे थांबून पिस्तुलात नवं मॅगझिन भरलं. हे सगळं अर्ध्या मिनिटाच्या आसपास उरकलं.

होझे अँतोनियो दगड मारत होता का, यावर दोन बाजू आहेत. कुटुंबाचं म्हणणं, तो घराकडे चालत निघाला होता. फौजदारी खटल्यात सरकारी वकिलांनी दगडफेकीचा मुद्दा नाकारला नाही. दगड मारणाऱ्याला सोळा गोळ्या घालता येत नाहीत, एवढंच त्यांचं सांगणं होतं.

मला हा वाद मुळातच चुकीच्या जागी गेलेला वाटतो. पहिल्या दिवसापासून सगळी चर्चा मुलाभोवती फिरली. तो तिथे कशाला गेला होता, इतक्या रात्री बाहेर का, तस्करांच्या सोबतचा होता का. विचारायला हवं होतं ते एजंटाबद्दल. कड्याच्या माथ्यावर कुंपणामागे उभ्या असलेल्या माणसाला चार पावलं मागे सरकता आलं असतं की नाही? मागे सरकला असता तर खालचा माणूस त्याला दिसलाही नसता, आणि खालच्याला तो दिसला नसता. तीन जागा बदलायला जागा आणि वेळ दोन्ही होतं. मॅगझिन बदलायलाही वेळ होता.

दगड आणि गोळी

हा एकट्या एजंटाचा प्रश्न नव्हता. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर बॉर्डर पेट्रोल झपाट्याने वाढलं. काही वर्षांत मनुष्यबळ दुप्पट होऊन २१ हजारांच्या वर गेलं. इतक्या वेगाने भरती झाली की निवड आणि प्रशिक्षण दोन्ही मागे पडतात, हे कुठल्याही पोलीस दलातला अनुभवी माणूस सांगेल. गोळीबाराच्या घटना वाढल्यावर सरकारनेच पोलीस अधिकाऱ्यांच्या एका संशोधन मंडळाकडून तपासणी करवून घेतली. मंडळाने जानेवारी २०१० ते ऑक्टोबर २०१२ या काळातली ६७ प्रकरणं पाहिली. त्यांत १९ माणसं मेली होती.

२०१३ च्या त्या अहवालात दोन गोष्टी ठळक होत्या. काही एजंट चालत्या गाडीसमोर स्वतःच जाऊन उभे राहिले असावेत, म्हणजे ‘जिवाला धोका होता’ असं सांगून गोळी झाडता येते. आणि दगड मारणाऱ्यांवर काही वेळा निव्वळ वैतागून गोळ्या झाडल्या गेल्या. शिफारशीही साध्या होत्या. गाडीच्या वाटेतून बाजूला व्हा. दगड आले तर आडोसा घ्या, मागे सरका. खात्याने सुरुवातीला या शिफारशी फेटाळल्या आणि अहवालही दाबून ठेवला. फेब्रुवारी २०१४ मध्ये तो वर्तमानपत्राच्या हाती लागला. मार्च २०१४ मध्ये बॉर्डर पेट्रोलचे प्रमुख मायकल फिशर यांनी एजंटांसाठी सूचना काढल्या आणि त्यांत जवळपास हेच सांगितलं. त्याच सूचनांत आकडे होते : २०१० पासून एजंटांवर दगडफेकीच्या १,७१३ घटना, त्यांतल्या ४३ वेळा एजंटांनी प्राणघातक बळ वापरलं, १० मृत्यू.

हे आकडे नीट वाचले तर १,६७० वेळा एजंटांनी दगडफेकीतून गोळी न झाडता वाट काढली होती. म्हणजे मागे सरकणं शक्य असतं आणि बहुतेक जण ते करतातच. अशा वेळी ‘दुसरा पर्याय नव्हता’ हे म्हणणं तपासून घ्यायला नको का?

नाव कळायला दोन वर्षं

घटनेनंतर एफबीआयने चौकशी हाती घेतली. पण गोळी कुणी झाडली, हे मृताच्या आईला सांगायला सरकार तयार नव्हतं. जुलै २०१४ मध्ये तिने नागरी हक्क संघटनेच्या वकिलांमार्फत ट्यूसॉनच्या केंद्रीय न्यायालयात दावा लावला, तोही ‘अनोळखी एजंटांविरुद्ध’. नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने एजंटाचं नाव जाहीर झालं. मुलाला जाऊन तेव्हा दोन वर्षं उलटली होती.

या काळात कुटुंब आणि दोन्हीकडचे नागरिक गप्प बसले नाहीत. दर महिन्याच्या १० तारखेला ते त्या जागी जमत. मेणबत्त्या, मुलाचे फोटो, प्रार्थना. मुलाची आजी या सगळ्यात पुढे असे. कुंपणाच्या अमेरिकी बाजूलाही लोक येऊन उभे राहत.

गोळी झाडणाऱ्याची चौकशी कुणी करायची, हा प्रश्न आपल्याकडे चकमकींच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयासमोर आला होता. १९९५ ते १९९७ या काळातल्या मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकी आणि त्यांतले सुमारे १३५ मृत्यू यावरून पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेने महाराष्ट्र सरकारविरुद्ध लढा दिला. २३ सप्टेंबर २०१४ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की चकमकीत मृत्यू झाला तर गुन्हा नोंदवलाच पाहिजे, आणि तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकाने करावा. ते सगळीकडे पाळलं जातं असं मी म्हणणार नाही. पण ज्यांनी गोळी झाडली त्यांच्याच हाती पुरावा राहू नये, हे तत्त्व तरी कागदावर आलं. बॉर्डर पेट्रोलकडे मात्र अशा प्रसंगी पुरावा गोळा करायला स्वतःचीच पथकं होती. ती मोडीत काढायची घोषणा व्हायला २०२२ साल उजाडावं लागलं.

खटला

सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्रीय ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, स्वार्ट्झवर दुसऱ्या दर्जाच्या (आधी कट न रचलेल्या) खुनाचा आरोप ठेवला. सीमेपलीकडच्या माणसाला मारल्याबद्दल केंद्र सरकारने बॉर्डर पेट्रोलच्या एजंटावर खुनाचा खटला भरण्याची ही पहिलीच वेळ.

खटला मार्च २०१८ मध्ये ट्यूसॉनला उभा राहिला. न्यायवैद्यक तज्ज्ञांमध्ये खल झाला तो एका मुद्द्यावर : मुलगा पहिल्या गोळ्यांनीच मेला, की जमिनीवर पडल्यावर त्याच्या पाठीत गेलेल्या गोळ्यांनी? सरकारी वकिलांचं म्हणणं, पहिल्या तीन गोळ्यांबद्दल काहीही म्हणा; पण पडलेल्या, न हलणाऱ्या मुलावर झाडलेल्या पुढच्या गोळ्यांना काय म्हणायचं? बचाव पक्षाचं म्हणणं, एजंटाने प्रशिक्षणात शिकवलं तेच केलं, त्याला स्वतःच्या आणि सोबत्यांच्या जिवाची भीती वाटली. स्वार्ट्झने स्वतः साक्ष दिली.

एप्रिल २०१८ मध्ये ज्युरीने त्याला खुनाच्या आरोपातून निर्दोष सोडलं. सदोष मनुष्यवधाच्या दोन्ही प्रकारांवर, हेतुपूर्वक आणि हेतू नसलेला, ज्युरीचं एकमत झालं नाही. त्याच वर्षी पुन्हा खटला चालला. नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या ज्युरीने हेतू नसलेल्या मनुष्यवधाच्या आरोपातून सोडलं आणि उरलेल्या, हेतुपूर्वक मनुष्यवधाच्या आरोपावर पुन्हा एकमत नाही. डिसेंबरमध्ये सरकारने तिसरा खटला न भरण्याचं ठरवलं.

ज्युरीच्या निकालाचा आदर राखूनही एक सांगितलं पाहिजे. अमेरिकी कायद्यात पोलिसाच्या गोळीबाराकडे त्या क्षणी जागेवर असलेल्या ‘समंजस अधिकाऱ्या’च्या नजरेतून बघायचं, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९८९ पासूनचा दंडक आहे. या नजरेत तेव्हा मुख्यतः गोळी झाडायच्या क्षणाची भीती मोजली जायची. त्या क्षणापर्यंत एजंट कसा आला, मागे सरकता येत असताना तो का सरकला नाही, हे त्या मोजणीत सहज सुटून जायचं. नोगालेसमध्ये हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा होता.

दिवाणी दावा

फौजदारी खटला सुरू असताना आईचा दावा वेगळ्या वाटेने पुढे सरकत होता. सरकारी बाजूचा युक्तिवाद असा : मुलगा परदेशी, मेला परदेशात, त्याला अमेरिकी राज्यघटनेचं संरक्षण नाही. जिल्हा न्यायालयाने २०१५ मध्ये हे मानलं नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पश्चिमेकडच्या राज्यांची अपिलं ऐकणाऱ्या नवव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयानेही दोन विरुद्ध एक मतांनी मानलं नाही. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती अँड्र्यू क्लाइनफेल्ड परंपरावादी म्हणून ओळखले जातात. या टप्प्यावर दाव्यातली हकीकत खरी धरूनच चालावं लागतं. तशी ती धरली तर एजंटाने कारण नसताना एका मुलाला मारलं, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं. गोळी झाडणारा अमेरिकेच्या भूमीवर उभा होता, आणि समोरचा मुलगा कोणत्या देशाचा नागरिक आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. तो अमेरिकी नागरिकही असू शकला असता.

या शेवटच्या मुद्द्यापाशी मी बराच रेंगाळलो. अंधारात, चाळीस-पन्नास फुटांवरून, गजांच्या फटीतून कुणाचं पारपत्र दिसतं? हा धोका त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला होता.

पण त्याच वेळी एल पासो आणि हुआरेझ यांच्यामधल्या नदीपात्रातलं दुसरं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतं. तिथे ७ जून २०१० रोजी एजंटाने पंधरा वर्षांच्या मेक्सिकन मुलाला डोक्यात गोळी घालून मारलं होतं. २५ फेब्रुवारी २०२० रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला : असा नुकसानभरपाईचा दावा करता येणार नाही, हा परराष्ट्र संबंधांचा आणि सीमेच्या सुरक्षेचा विषय आहे, हवं तर संसदेने कायदा करावा. लगोलग नोगालेसचा निकालही रद्द झाला. सरकारवर नुकसानीचा दावा लावायचा जो कायदा आहे, त्यात परदेशात झालेल्या इजेचे दावे वगळलेले आहेत. आईसाठी दार उरलं नाही.

मग २०२२ मध्ये हीच रेघ सीमेच्या अलीकडे ओढली गेली. कॅनडाच्या सीमेवर छोटं लॉज चालवणाऱ्या अमेरिकी नागरिकाने बॉर्डर पेट्रोलच्या एजंटाने धक्काबुक्की केल्याचा दावा लावला होता. सर्वोच्च न्यायालयाने तोही अडवला. नागरिक अमेरिकी, जागा अमेरिकी, तरी उत्तर तेच.

वस्तीवर काय होतं

सामाजिक सुरक्षा म्हटलं की लोकांच्या मनात पोलीस, गस्त, कॅमेरे येतात. प्रत्यक्षात ती उभी असते ती लोक पोलिसांना फोन करतील, साक्ष देतील, जखमीला घेऊन इस्पितळात जातील या भरवशावर. एकदा का इमिग्रेशनच्या बंदुकीची धास्ती बसली की हा भरवसा आधी जातो. गोळीबार नसतानाही तो कसा जातो याचं एक उदाहरण ह्यूस्टनमध्ये दिसलं. तिथले पोलीस प्रमुख आर्ट असेव्हेडो यांनी २०१७ च्या पहिल्या तीन महिन्यांचे आकडे दिले : हिस्पॅनिक लोकांकडून बलात्काराच्या तक्रारी आदल्या वर्षीपेक्षा ४२.८ टक्क्यांनी घटल्या होत्या, बाकीच्यांकडून मात्र वाढल्या होत्या. गुन्हे घटले असा याचा अर्थ त्यांनी लावला नाही. बायका पोलीस चौकीत यायला घाबरत होत्या. त्यात गोळ्यांची भर पडली की काय होईल, याचा अंदाज बांधायला आकडे लागत नाहीत.

२०२५ मध्ये बॉर्डर पेट्रोलची पथकं सीमेपासून दूर लॉस एंजलिस आणि शिकागोत आली. सोबत ‘आइस’ हे अंतर्गत भागात धरपकड करणारं खातं होतंच. १२ सप्टेंबर २०२५ रोजी शिकागोजवळच्या फ्रँकलिन पार्कमध्ये आइसच्या एजंटाने ३८ वर्षांच्या एका मेक्सिकन स्वयंपाक्याला त्याच्या गाडीत गोळी घातली; तो मेला. एजंट गाडीबरोबर फरफटत गेला आणि गंभीर जखमी झाला, असं सरकारने सांगितलं. स्थानिक पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यात मात्र तोच एजंट आपल्याला विशेष काही लागलेलं नाही असं सांगताना ऐकू येतो. ७ जानेवारी २०२६ रोजी मिनियापोलिसमध्ये आइसच्या एजंटाने गाडीत बसलेल्या ३७ वर्षांच्या अमेरिकी महिलेला गोळ्या घालून मारलं. मिनेसोटा राज्याच्या तपास यंत्रणेला आधी चौकशीत घेतलं गेलं, मग बाहेर ठेवलं गेलं. चौकशी एकट्या एफबीआयकडे राहिली.

२०१३ च्या अहवालातली गाडीबद्दलची शिफारस इथे आठवल्याशिवाय राहत नाही. गाडीच्या वाटेतून बाजूला व्हा, इतकीच ती होती.

मग आता मागायचं काय? नोगालेसचा अनुभव बघता तीन मागण्यांत दम आहे असं मला वाटतं. तपास राज्याच्या यंत्रणेकडे, किमान तिच्या बरोबरीने. एजंटाचं नाव ठरावीक दिवसांत जाहीर. आणि तिसरी, सगळ्यात मोलाची : दावा लावण्याचा हक्क. राज्याच्या किंवा शहराच्या पोलिसाने घटनात्मक हक्क तुडवला तर त्याच्यावर दावा लावता येतो, तो १८७१ च्या कायद्याने. त्या कायद्यात केंद्र सरकारच्या माणसांचा उल्लेख नाही. आजच्या घडीला अमेरिकेच्या भूमीवर गोळी लागलेल्याच्या घरच्यांना सरकारवर नुकसानीचा दावा लावता येतो, पण एजंटावर नाही, आणि तोही ज्युरीसमोर नाही, एकट्या न्यायाधीशासमोर. १८७१ च्या कायद्यात केंद्राच्या अधिकाऱ्यांची भर घालणारं विधेयक अमेरिकी संसदेत एकाहून अधिक वेळा आलं, मंजूर झालं नाही. इलिनॉय राज्याने डिसेंबर २०२५ मध्ये आपल्यापुरता तसा कायदा केला. केंद्र सरकारने त्याच महिन्यात त्या कायद्यालाच न्यायालयात आव्हान दिलं.